आभाराचा केक

यासिर फक्त केक आणायला गेला होता. आखातातल्या सोहारच्या बेकरीत उभं राहून त्याने त्यावर 'थँक्यू लँड्री सर, तुमचा दयानंद' असं इंग्रजीत लिहून घेतलं. सोबत काम करणाऱ्या दयानंदला यातलं काहीच माहीत नव्हतं. मस्करी होती. रत्नागिरी सोडल्यापासून यासिरला मस्करीशिवाय जेवण पचायचं नाही.

झालं होतं असं. आदल्या दिवशी कारखान्यात वाफेने दयानंदचा हात कोपरापर्यंत भाजला. म्हातारा अमेरिकन फोरमन लँड्री पुढे आला, हातावर वाकून काहीतरी पुटपुटला, आणि फोड बसले. डोळ्यांदेखत.

"सर, अमेरिकन मंतर काय?" यासिरने विचारलं.

"अमेरिकन नाही. केजन."

लँड्रीचे पूर्वज फ्रेंच. कॅनडाच्या किनाऱ्यावर शेती करायचे. इंग्रजांनी त्यांना गलबतांत कोंबून हाकललं, बाप एका गलबतात, पोरं दुसऱ्या. उरलेसुरले अमेरिकेत, लुइझियानाच्या दलदलीत जाऊन राहिले; तेच केजन. तिथेही शाळेत फ्रेंच बोललं की मास्तर फोडून काढायचे, म्हणून लँड्रीच्या बापाने घरात फ्रेंच बंदच केली.

"आजी बोलायची ते कानाला कळायचं. तोंडात कधी आलं नाही," लँड्री म्हणाला. "मरताना तिने ही प्रार्थना दिली. माझ्या तोंडात फ्रेंच आहे ती एवढीच. फक्त, हिचे आभार मानायचे नाहीत. मानले की खलास."

आता हे यासिरला सांगायचं असतं का?

केक आणला त्या दुपारी उन्हातलं काम बंद होतं. केबिनमध्ये एसी घरघरत होता. लँड्रीने केकवरचं वाचलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. ओठ हलले, आवाज नाही. तेवढ्यात कोपऱ्यात आडवा झालेला दयानंद भाजलेला हात धरून किंचाळत उठला. केबिनभर करपलेल्या कातडीचा वास सुटला.

"सर… कालचं म्हणा ना… सर…"

"आठवत नाहीये," लँड्री म्हणाला. "एक शब्द नाही…" आणि साठीचा माणूस मुळुमुळु रडायला लागला. "दयानंद, तुला सांगितलं होतं ना रे मी…"

"मी काय केलं? यासिरभाय, मी काय केलं?"

यासिरने ठरवलं, सांगून टाकायचं, मी केलं. त्याने तोंड उघडलं.

त्यातून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. फ्रेंच.

दयानंदचे फोड बसले. लँड्री पुटपुटला, "आजी…?"

यासिरने पुन्हा प्रयत्न केला. मी केलं, सर. पुन्हा तीच बाई. मग तिच्यामागून एक पुरुष. मग खोकणारं पोर. मग बरेच जण एकदम, गलबतात कोंबल्यासारखे दाटीवाटीने. जिभेवर खारट पाणी आलं. कबुली घशाशी तशीच अडकली, आणि वरून ही माणसं.

लँड्रीने त्याच्या तोंडाला कान लावला. खूप वेळ ऐकलं. मग हळूच मागे सरकला.

"काय… काय म्हणतायत, सर?" दयानंदने विचारलं.

"विचारतायत," लँड्री म्हणाला, "याच्या आत अजून किती जण मावतील."