तळं ढवळू नका

शास्त्रज्ञ शर्वरी टिळेकर सांगलीची. सायबेरियात येऊनही तिचा स्वभाव काही थंड झाला नव्हता. "तुयाराताई, तळ्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही!" ती बर्फावर उभी राहून ओरडत होती, आणि तुयाराच्या कानातलं दुभाषी यंत्र शर्वरीचं मराठी जमेल तितक्या सौम्यपणे तिथल्या याकूत भाषेत सांगत होतं.

तुयारा म्हणजे तिथली सरपंचच. तिच्यामागे अख्खं गाव पहारी, जाळं आणि लांब काठ्या घेऊन उभं होतं. हिवाळा लागला की बर्फाला भोकं पाडायची, तळाचा चिखल ढवळून मासे उठवायचे, सगळ्यांनी मिळून एकच जाळं ओढायचं आणि घरटी वाटा घालायचा, ही इथली रीत.

शर्वरीचं दुखणं त्या चिखलातच होतं. हजारो वर्षं गोठलेली जमीन, गोठभूमी, आता वितळत होती. तिच्यातला पालापाचोळा कुजून मिथेन, म्हणजे आपला गोबरगॅसच, तळ्यातून वर येत होता. तो खाणारे जिवाणू शर्वरीने तळ्यात सोडले होते, पण ते मेले काही खातच नव्हते. संध्याकाळपर्यंत गॅस मोजणारा मीटर धोक्याच्या रेषेखाली आला नाही, तर स्फोटाच्या भीतीने गाव शहरात हलवायचं ठरलं होतं.

"ढवळलंत तर आणखी गॅस उसळेल. गाव उठेल हो!"

"उठायचंच असेल तर पोटभर खाऊन उठू," तुयारा म्हणाली. "आईबाप इथे पुरलेत माझे, पोरी. उपाशी निघू का?"

शर्वरी बाजूला झाली.

काठ्या चालल्या. मीटर सरसर चढला. जाळं वर आलं, वाटे पडले. आणि मग मीटर उतरू लागला. रेषेखाली गेला तरी उतरतच राहिला.

"अगं बाई, हवा!" ती किंचाळली. "बर्फाखाली जिवाणू गुदमरले होते. प्राणवायूशिवाय ते मिथेन खाणार कसे? मी आपली विरजण लावल्यासारखी झाकून बसले! तुमच्या भोकांतून, काठ्यांनी, हवा तळापर्यंत पोचली."

"म्हणजे राहायचं?"

"राहायचं! आणि दर हिवाळ्यात ढवळायचं."

गावाने एकच गिल्ला केला. तुयारा शर्वरीच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसत तिने उत्तरेकडे पाहिलं. तिकडे नजर पोचेल तिथवर तळीच तळी होती.

"या तळ्याला आम्ही आहोत," ती म्हणाली. "तिकडची गावं तर तुम्ही शहाण्यांनी केव्हाच उठवलीत. तिथे कोण ढवळणार?"