सुलटे खिळे

वेळ दुपारी अडीचची. जागा कानडी मुलखातल्या चिकपेटेतला बंद पडलेला मराठी छापखाना. वीज तोडलेली, चारला भंगारवाला यायचा होता.

संताजीचा पणजोबा नागनाथ इथे छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचा. एका संध्याकाळी तो घरी आलाच नाही. छापखान्याच्याच साप्ताहिकात दोन ओळी आल्या: 'आमचे नागनाथ नोकरी सोडून गावी गेले.' पणजी मरेपर्यंत टाकलेली बाई म्हणून जगली. त्या दोन ओळी खोट्या पाडायला संताजी आला होता.

"छापून आलंय ना, अण्णा? मग सरी, बरोबरच ते, संपलं की," दारात उभा मालकाचा पणतू यशोवर्धन म्हणाला.

"छापून आलं म्हणजे खरं? तीस वर्षं बातम्या लिहितोय, मला नको शिकवूस! आणि गाव कुठलं रे? शहाजीराजांच्या काळापासून आम्ही इथेच. आम्हाला गावच नाही."

"चारपर्यंत काय ते बघा. फरशीला हात लावायचा नाही."

दार ओढलं गेलं. बाहेरून कडी वाजली.

आत खिळे धुवायच्या रॉकेलचा वास होता, आणि शाईचा. ओल्या शाईचा. संताजीने मोबाइलचा उजेड दगडी टेबलावर धरला. शेवटच्या अंकाचं पान खिळ्यांत जुळवलेलं तसंच पडलं होतं. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, आरशातल्यासारखी. कागदावर उठली की सुलटी होतात. तो उजवीकडून वाचत गेला आणि अडखळला. एक ओळ सरळ वाचता येत होती. छापली असती तर कागदावर उलटी उमटली असती. म्हणजे ती कागदासाठी नव्हतीच. टेबलाशी उभ्या राहणाऱ्या माणसासाठी होती.

'मी पायाखाली आहे.'

टिक्...

खिळ्याला खिळा भिडल्याचा आवाज. टिक्... टिक्... ओळ पुढे सरकत होती.

"पणजोबा... मी तुमच्यासाठीच आलोय..."

टिक्.

'तूही ये.'

पायाखालची फरशी खचली, तसा तो दाराकडे झेपावला. संताजीने दारावर अशा लाथा घातल्या की अर्धी पेठ गोळा झाली, तेव्हा कुठे कडी निघाली.

संध्याकाळी पोलिसांनी फरशी उखडली. खाली हाडं होती, आणि बोटांच्या सांगाड्यात खिळे जुळवायची पितळी पट्टी, तिच्यावर 'नागनाथ' असं कोरलेलं. यशोवर्धन "नंगे गोत्तिल्ला, मला काही ठाऊक नाही" म्हणत राहिला. पणजीला कोणी टाकलं नव्हतं, एवढं सिद्ध झालं.

राहिली ती सुलटी ओळ. तशी अक्षरं कुठल्याच कारखान्यात ओतत नाहीत. आणि पंचांनी ते खिळे उचलले, तेव्हा नुकत्याच ओतलेल्या शिशासारखे ते हाताला चटके देत होते.