तीन नंबरच्या काउंटरवरची दानेश्वरी

ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठीक, नाहीतर सोडून द्या. मला कुणाला पटवत बसायचं नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे. सव्वातीनची. सोलापुरातली, गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली.

घडलं ते माझ्या धाकट्या जावेच्या, ऋतुजाच्या बाबतीत. आम्ही एकाच घरात राहतो. तिनं जसं सांगितलं तसंच सांगते.

ऋतुजा जुळे सोलापुरातल्या एका मोठ्या दुकानात काउंटरवर बसायची. किराणा, भांडी, कपडे, सगळं एकाच छताखाली. दुकानाचं नाव मी सांगणार नाही. तुम्हीही विचारू नका.

काउंटर चार. त्यात तीन नंबरचं मशीन म्हणजे नुसता वैताग. कीबोर्डवरची अक्षरं पुसून गेलेली. बिल निघता निघता मध्येच अडकायचं. स्कॅनर एकतर वस्तू घ्यायचाच नाही, आणि घेतली की एकच वस्तू दोनदा घ्यायचा.

बीप... बीप.

गिऱ्हाईक खवळायचं ते पोरींवर. मशीनला कोण शिव्या देतं?

मॅनेजर होता उदयसिंह. पोरी रडकुंडीला येऊन केबिनमध्ये जायच्या. तो एसीखाली बसून एकच वाक्य बोलायचा. "चालतंय की! बारा वर्षं चाललंय."

त्या मशीनला वठणीवर आणणारी एकच होती. दानेश्वरी. अक्कलकोटकडची. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, उजव्या हातात स्टीलचं कडं. मशीन अडलं की कड्यानं त्याच्या कडेला दोनदा ठोकायची.

टक. टक.

की सुरू. आणि बीप वाजला रे वाजला की स्कॅनरच्या काचेवर तळहात झाकायची, म्हणजे वस्तू दुसऱ्यांदा जायची नाही. ही युक्ती तिनंच ऋतुजाला शिकवली. ऋतुजा नवी होती तेव्हा तिला जेवणातली अर्धी भाकरीही तीच द्यायची.

आणखी एक समजून घ्या. एकीचं नाव काढून दुसरीच्या नावानं मशीन चालू करायला दहा मिनिटं लागत. तेवढा वेळ रांग कोण थांबवणार? म्हणून सकाळी जी बसेल तिच्याच नावावर दिवसभर सगळ्या काम करत. बिलावर नाव एकीचं, हात दुसरीचा. केबिनला हे चांगलं ठाऊक होतं.

एका शनिवारी दानेश्वरी डबा खायला उठली. ऋतुजा तिच्या जागी बसली. रांग पार दारापर्यंत गेलेली. कुणाचं लेकरू रडत होतं, कुणी घाई करत होतं. दूध पावडरचा डबा आला.

बीप...

ऋतुजा तळहात ठेवायला विसरली.

बीप.

अर्ध्या तासात ती बाई नवऱ्याला घेऊन परत आली. एक डबा घेतला आणि बिलात दोन! "चोर बसवलेत काउंटरवर!" म्हणून तिनं दुकान डोक्यावर घेतलं. उदयसिंहनं बिल पाहिलं. नाव दानेश्वरीचं. घाईत त्या बाईनंही काउंटरवर कोण होतं ते नीट पाहिलं नव्हतं.

"सर, मशीन दोनदा घेतंय की," दानेश्वरी म्हणाली. "म्या अकरा डाव वहीत लिवलंय. तुमीच बघा." आपण तेव्हा डबा खात होतो, हे मात्र तिनं सांगितलं नाही.

"मशीन चुकत नाही. माणूस चुकतं."

त्यानं तक्रारीची वही मागवली. अकराही पानं सगळ्यांसमोर टराटरा फाडली. मग एका कागदावर लिहिलं, तीन नंबरचं मशीन व्यवस्थित आहे. कागद साक्षीच्या सहीसाठी ऋतुजापुढे सरकवला.

दानेश्वरीनं ऋतुजाकडे पाहिलं.

ऋतुजानं फरशीकडे पाहिलं. आणि सही केली.

का केली? माझ्या दिराचा, अजिंक्यचा यंत्रमाग तेव्हा बंद पडला होता. घर तिच्या नोकरीवर चाललं होतं. मी तिची बाजू घेत नाही. फक्त सांगते.

दुसऱ्या दिवसापासून दानेश्वरीला दारावर उभं केलं. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी बिलाशी ताडून बघायची. दार पश्चिमेचं. वर पत्रासुद्धा नाही. पारा चव्वेचाळीसवर. बसायला खुर्ची होती, तीही उदयसिंहनं उचलायला लावली.

तिसऱ्या दिवशी घरी निघताना ऋतुजा तिच्या समोरून गेली. आजूबाजूला कुणी नव्हतं. दानेश्वरीचे ओठ सुकून फुटले होते. ती हळूच म्हणाली,

"तू सांगणार न्हवं? मी थांबते."

एवढंच. ऋतुजा मान खाली घालून रिक्षात बसली.

चौथ्या दिवशी दुपारी सव्वातीनला दानेश्वरी दारातच कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपली होती. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले. उन्हाला काय, कुणीही नाव ठेवावं.

आठ दिवसांनी तीन नंबरवर ऋतुजाला बसवलं.

पहिलीच वस्तू साबण. बीप वाजला. तिनं काचेवर तळहात ठेवला आणि...

काच गार होती. माठातल्या पाण्यासारखी गार. खालून कुणीतरी आपला तळहात तिच्या तळहाताला लावला होता.

तिनं हात झटकन ओढला. काचेवर तीन बोटं ओढल्यासारखे तीन पांढरे पट्टे होते. विभूतीचे. तिनं ओढणीनं पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा तिथंच होते.

आणि रोज सव्वातीन वाजले की मशीनच्या कडेला...

टक. टक.

ऋतुजाचं अन्न तुटलं. मी विचारायची, ती म्हणायची, उन्हानं भूक मेलीय. मला वाटलं असेल.

महिन्याभरानं दानेश्वरीचे वडील आले. ईरप्पा. धोतर, डोक्याला पटका, हातात रिकामी पिशवी. लेकीचा डबा आणि चपला न्यायला आले होते. दुपारचे तीन वाजले होते, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ते थेट तीन नंबरपाशी येऊन उभे राहिले.

"यव्वा, माजी पोर चोर न्हवती. त्या दिशी काय झालतं? तुला ठावं असंल तर सांग. मी कुणाला काय करनार न्हाय. नुसतं ऐकायचं हाय मला."

ऋतुजाच्या घशात शब्द आला होता. केबिनचं दार उघडलं. उदयसिंह बाहेर आला.

"मला न्हाय माहीत, काका," ती म्हणाली.

"अहो, मशीन एकदम ठणठणीत आहे," उदयसिंह म्हणाला. "उठ गं. मी दाखवतो यांना."

तो स्वतः बसला. बिस्किटाचा पुडा काचेवर धरला.

बीप.

"बघा. एकदाच!" त्यानं पुडा बाजूला ठेवला. हात वर केले.

...बीप.

काचेवर काहीच नव्हतं.

...बीप. ...बीप. ...बीप.

स्क्रीनवर एकाखाली एक ओळी उमटायला लागल्या. दूध पावडर. दूध पावडर. दूध पावडर. काउंटरवर डबा नव्हताच. उदयसिंहनं शिवी हासडली आणि वायर खेचून काढली. स्क्रीन काळी झाली.

...बीप.

मग दाराकडून आवाज आला. बाहेरच्या लोखंडी चौकटीवर...

टक. टक.

उदयसिंह उठला. उजवा हात पुढे ताणलेला, कुणी मनगट धरून ओढत न्यावं तसा. तो चालत दाराबाहेर गेला आणि उन्हात उभा राहिला. बरोब्बर तिच्या जागेवर. दोन हमालांनी ओढलं, तो तसूभर हलला नाही. छत्री धरली, ती त्यानं फेकून दिली. रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कोरड्या आवाजात म्हणत होता, "बिल दाखवा. बिल दाखवा."

सव्वातीनला कोसळला.

ईरप्पा हे सगळं बघत होते. त्यांनी डबा आणि चपला पिशवीत घातल्या, ऋतुजाकडे एकदा पाहिलं, आणि निघून गेले.

उदयसिंह मेला नाही. मेला असता तर सुटला असता. मालकानं पंधरा दिवसांत चारही मशीनं नवी आणली. बारा वर्षं जमलं नव्हतं ते पंधरा दिवसांत जमलं! सगळ्या पोरी म्हणाल्या, दानेश्वरीनं घेतला तिचा सूड. ऋतुजालाही तेच वाटलं. ती दोन घास जेवायला लागली. संपलं, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

मग दुकानातल्या सगळ्या जणी केळी घेऊन उदयसिंहच्या घरी गेल्या. त्याची बायको रडत सांगत होती, रोज दुपारी दाराबाहेर जाऊन उभे राहतात हो, कोंडलं तर दारावर डोकं आपटतात. तो अंगणात उन्हात उभाच होता. ओठ फुटलेले. एकेकीपुढे हात करत होता.

"बिल दाखवा. बिल दाखवा."

ऋतुजाची पाळी आली. त्यानं हात पुढे केला नाही. मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. आणि आवाज त्याचा नव्हता.

"तू सांगणार न्हवं? मी थांबते."

ते वाक्य जगात दोघींनाच माहीत होतं. त्यातली एक मेलेली होती.

त्या दिवशी घरी येऊन तिनं मला सगळं सांगितलं, पहिल्यांदा. मला तिची दया आली, आणि खरं सांगते, संतापही आला. मी म्हटलं, मला काय सांगतेस? अक्कलकोटची गाडी दर तासाला आहे. त्या म्हाताऱ्याला जाऊन सांग.

"उद्या जाते, अक्का," ती म्हणाली.

याला आता वर्ष होत आलं. नोकरी तिनं सोडली. रोज मी म्हणते, रोज ती उद्या म्हणते. एकदा एसटी स्टँडपर्यंत जाऊन परत आली.

आमच्या घराचं दार पत्र्याचं आहे. दुपारी तीन वाजले की ऋतुजा आतल्या खोलीत जाऊन कानावर उशी दाबून बसते. मी स्वयंपाकघरात असते. बाहेर कुत्रंसुद्धा नसतं इतकं ऊन असतं. आणि दारावर...

टक. टक.

मी उघडत नाही. जिच्यासाठी आहे तिनं उघडावं. पण काल आवाज दारावर आला नाही. आतल्या खोलीतून आला.