माझ्या आवाजाकडे या

निसर्गाचे चमत्कार बघूनही माणूस थकतो, हे कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नसतं. मी टूर लीडर. बर्फाच्या गुहा, उकळते झरे, मिठाची पांढरी मैदानं, वाऱ्यानं कोरलेले डोंगर, सगळं बघून झालंय. पण कुठंही गेले तरी माझी नजर आधी स्वच्छतागृह शोधते, मग सावली, मग बस वळवायला जागा आहे का ते. चमत्कार सगळ्यात शेवटी. मंडळी 'अहाहा' करत असतात तेव्हा मी कोणाला चक्कर येतेय का ते बघत असते.

या धंद्यात माझं भांडवल एकच होतं, आवाज. लाऊडस्पीकर मी कधी हातात धरला नाही. धुक्यात किंवा अंधाऱ्या गुहेत 'इकडे या' म्हणून काही उपयोग नसतो, कारण इकडे म्हणजे कुठे ते कोणालाच दिसत नाही. म्हणून माझी एक ठरलेली हाक होती. पहिल्याच दिवशी बसमध्ये मी ती सगळ्यांकडून घोटवून घ्यायची. मी ओरडणार, “चला मंडळी, माझ्या आवाजाकडे या!” ती ऐकली की गप्पा, फोटो, भांडणं सगळं जागच्या जागी सोडायचं आणि आवाजाच्या दिशेनं चालायला लागायचं. का, कशाला, विचारायचं नाही. एकदा सवय लागली की मोठमोठे साहेबसुद्धा शाळेतल्या पोरांसारखे वळायचे. या हाकेच्या जोरावर मी आजवर एकही माणूस हरवला नव्हता आणि त्याचा मला अभिमान होता.

पुढे घसा कुरकुर करायला लागला. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. “आता आवाज पुरवून पुरवून वापरा,” ते म्हणाले, महिनाअखेरचं तेल असावं तसं. मी ठरवलं, हा हंगाम शेवटचा. आणि या हंगामात धाकट्या बहिणीला एकदा तरी बरोबर न्यायचं.

तिला घरात सगळे चिमणी म्हणायचे. आता म्हणणारी मी एकटीच उरलेय. आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून चिमणीनंच तिचं सगळं केलं. मी मुलूखभर हिंडत होते, पण रोज संध्याकाळी असेन तिथून घरी फोन लावायची. आईच्या उशाशी जुना तारेचा फोन होता. चिमणी त्याचा स्पीकर लावायची आणि मी दिवसभरात काय काय बघितलं ते दोघींना सांगायची. सुरुवात ठरलेली असायची. “चिमणे, आई जागी आहे का?”

आई गेली. आम्ही फोनचं कनेक्शन बंद केलं, फोन मात्र तिथंच राहिला. चिमणीची कामं संपली आणि ती खिडकीशी बसून राहायला लागली. जेवलीस का म्हटलं तर आठवावं लागायचं तिला. मला दुसरं कोणी नाही, तिलाही नाही.

“तू जग बघितलंस, मी समोरची भिंत बघितली,” निघायच्या आदल्या दिवशी स्वेटर घडी करताना ती हसून म्हणाली. “पण खरं सांगू का ताई, तुझ्या आवाजावरच दिवस निघाले गं आमचे.”

आम्ही जाणार होतो त्या जागेला आमच्या कंपनीत सगळे कढई म्हणतात. माहितीपत्रकात तिचं नाव बरंच लांबलचक आहे आणि खाली 'आयुष्यात एकदा तरी' असं छापलंय. तिथं पोचायला दोन दिवस माळ तुडवावा लागतो. झाड नाही, घर नाही, एक खांबसुद्धा नाही. मग अचानक जमीनच संपते. पुढे एक गोल, प्रचंड खड्डा, कडेला लाल आणि काळ्या खडकाचे थर आणि तळाशी धुकं. तळ कोणी पाहिलेला नाही. दुपार कलली की धुकं वर चढायला लागतं आणि काठापर्यंत भरून येतं. दूध उतू जाताना गॅस बंद करावा तसं ते बरोबर काठाशी थांबतं. काठाला लोखंडी रेलिंग आहे. एका टोकाला जुन्या पायऱ्या खाली उतरतात, पण थोडं खाली गेल्यावर त्या तुटल्यात, म्हणून तिथं साखळी लावलेली असते.

तिथला प्रतिध्वनी प्रसिद्ध आहे. सगळे जण रेलिंगला टेकून ओरडतात. त्यांचा आवाज बारीक होऊन, तुटून परत येतो. माझा तसा यायचा नाही. माझा जरा उशिरा यायचा आणि सबंध यायचा. मी ओरडले असेन त्यापेक्षा ताजा.

हे पहिल्यांदा बोलून दाखवलं आमच्या ड्रायव्हरमामांनी. “मॅडम, बाकीच्यांचा आवाज आपटून परत येतो,” ते म्हणाले होते. “तुमचा आत बसतो थोडा वेळ.”

“चहा पीत असेल,” मी म्हटलं होतं.

ते हसले नाहीत. कढईवरून परतताना माझा घसा दर वेळी बसायचा हेही खरं, पण तो दोष मी थंड हवेला दिला होता. गेल्या हंगामात तिथल्या विश्रामगृहाचा रखवालदार मला म्हणाला, “काल कुठं गायब झालात? तुमच्या हाका ऐकल्या, चहा टाकून ठेवला, तर तुम्ही आलाच नाहीत.” आदल्या दिवशी मी अजून माळावर, अर्ध्या वाटेवर होते. दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीची बाई असेल, असं मी म्हटलं. “आवाज ओळखतो की मी,” तो म्हणाला आणि कप विसळायला लागला. विषय तिथंच राहिला.

या वेळी कढईला पोचायच्या दिवशी सकाळी उठले तर आवाज नव्हता. बसला नव्हता, नव्हताच. तोंड उघडलं की नुसती हवा बाहेर यायची. मी खुणेनं मामांना सांगितलं आणि मामांनी मंडळींना.

“म्हणजे आता खऱ्या अर्थानं सुट्टी लागली!” एक निवृत्त हेडमास्तर मागून म्हणाले आणि सगळी बस हसली. मीही हसले. गळ्यात शिट्टी अडकवली. हाकेच्या जागी शिट्टी, असं मामांनी सगळ्यांना दोनदा बजावलं. मला मनातून बरंच वाटत होतं. एवढ्या वर्षांनी दिवसभर तोंड बंद ठेवायची मुभा मिळाली होती.

काठावर चिमणी माझा हात धरून उभी राहिली. मग तिचे डोळे भरून आले.

“ताई, हे सगळं तू फोनवर सांगितलं होतंस. लाल थर, मग काळा, मग परत लाल. अगदी तस्संच आहे गं.”

मला इतका आनंद झाला की काय सांगू. कढई मी कित्येकदा बघितली होती, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितली. चिमणी रेलिंगवरून वाकून बघत होती, हसत होती, हेडमास्तरांना सांगत होती की ही माझी थोरली बहीण. तिच्या गालांवर रंग आला होता. ही आता वाचली, असं मला वाटलं.

मी बसमधून तिचा स्वेटर आणायला गेले तेव्हा धुकं वर आलं. नेहमीपेक्षा लवकर आलं आणि काठाशी थांबलं नाही. रेलिंग दिसेनासं झालं, मग माणसं. सगळीकडे ओलसर पांढरं आणि त्यात कोणाचं तरी खोकणं. मी शिट्टी तोंडात धरली.

“चला मंडळी, माझ्या आवाजाकडे या!”

माझा आवाज. चांगला खणखणीत, गाठी व्हायच्या आधीचा. खालून.

ड्रायव्हरमामा माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग धुक्याकडे.

“मॅडम,” ते हळूच म्हणाले, “हे तुम्ही नाही.”

धुक्यात बुटांचा आवाज सुरू झाला. कोणी घाई करत नव्हतं. मी शिकवलं होतं तसे सगळे एकापाठोपाठ, न बोलता, पायऱ्यांच्या दिशेनं निघाले होते.

मी जीव खाऊन शिट्टी फुंकली. मामा बसमध्ये चढले आणि त्यांनी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. त्या गोंगाटानं पावलं थबकली. एकेक जण धुक्यातून बाहेर यायला लागला, झोपेतून उठल्यासारखा. हेडमास्तर आले. “अहो, तुम्ही तर तिकडून बोलावत होतात,” ते माझ्यावर चिडून म्हणाले.

चिमणी आली नाही.

मी रेलिंग चाचपत पळाले. साखळी हाताला लागली. ती काढून बाजूला नीट गुंडाळून ठेवली होती.

“चिमणे,” खालून आवाज आला.

हे नाव मी तिथं कधीच उच्चारलं नव्हतं.

“आले गं,” अगदी जवळून चिमणी म्हणाली.

“चिमणे, आई जागी झालीय. ये.”

मी ओरडले. नुसती हवा बाहेर आली.

मी बसून बसून पायऱ्या उतरले. तिच्या साडीचा पदर हाताला लागला तो दोन्ही मुठींत धरला आणि मागे ओढला. ती माझ्या अंगावर पडली. तिच्या पायाखालून एक दगड सुटला. तो खाली कुठं आपटल्याचं मला ऐकू आलं नाही.

चिमणीनं वळून माझ्याकडे बघितलं.

“अगं, तू इथं कशी?” ती म्हणाली. “मग खाली कोण आहे?”

परतीच्या वाटेवर बसमध्ये मी चिमणीचा हात धरून बसले होते. ती खिडकीबाहेर बघत होती आणि मधूनच मान हलवत होती, समोरचं माणूस काही सांगत असताना आपण हलवतो तशी.

घरी आल्यावर मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नळी घातली आणि खूश झाले. गाठी गेल्या होत्या, गाठींचा मागमूससुद्धा नव्हता. “बोला की आता!” ते म्हणाले. मी बोलायला गेले. त्यांनी परत नळी घातली, परत बघितलं, मग चष्मा पुसत बसले. माझ्या जागी कंपनीनं नवी मुलगी घेतली. कढईचं काम फार सोपं आहे, असं ती सगळ्यांना सांगते म्हणे. मंडळी आपली आपण गोळा होतात. मी कंपनीला सविस्तर लिहून कळवलं, तर त्यांनी मला विश्रांती घ्यायला सांगितलं.

घेतेच आहे. इतकी थकलेय की कधी कधी वाटतं, आवाज गेला ते एक ओझंच गेलं. चिमणीची तब्येतही सुधारली. ती वेळेवर जेवते, केस नीट विंचरते. खिडकीशी बसत नाही. संध्याकाळ झाली की आईच्या खोलीत जाऊन दार लोटून घेते. माझ्याशी बोलणं मात्र कमी कमी होत गेलं. मी मुकी, मग तिला तरी काय सुचणार, अशी मी मनाची समजूत घातली.

काल संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर तिनं एकच कप चहा केला होता. तिचा. दाराशी तिचे चालायचे बूट होते आणि त्यांवर स्वेटर घडी करून ठेवला होता. मी तिला विचारणार होते, खुणेनं, की कुठं निघालीस.

तेवढ्यात आईच्या खोलीत फोन वाजला.

चिमणी कप घेऊन आत गेली. मी मागोमाग गेले. फोनची वायर भिंतीपर्यंत जात नव्हती, टेबलामागे लोंबत होती. चिमणीनं स्पीकर लावला, आईच्या रिकाम्या पलंगावर बसली आणि पाय वर घेतले.

माझा आवाज तिला कढईबद्दल सांगत होता. थर कसे दिसतात, खाली तळ कसा आहे. छान सांगत होता. मीही ऐकत उभी राहिले. मग तो मधेच थांबला.

“चिमणे, तुझ्याजवळ कोण उभं आहे गं?”

चिमणीनं मान वर करून खोलीभर बघितलं. तिची नजर माझ्यावरून सावकाश पुढे गेली.

“कोणी नाही गं ताई,” ती म्हणाली. “मी एकटीच आहे.”