बर्फाखालची टिकटिक

आधीच सांगतो, हे मनचं नाही. मी स्वतः तिथे होतो. माझी बायको रालित्सा अजूनही हा विषय घरात काढू देत नाही.

पिरिन डोंगर. गेल्या फेब्रुवारीतली दुपार, लख्ख ऊन.

उतारावरचा बर्फ घसरेल का, हे तपासणं माझं काम. रालित्साचा भाऊ यावोर पाहुण्यांना स्कीवर घेऊन जातो. मी हो म्हटल्याशिवाय त्याने उतार ओलांडायचा नाही, असं ठरलेलं. तेवढं एक सोडून तो सगळं ऐकतो.

आमच्याकडे प्रत्येकाच्या छातीला बीपर असतो. माणूस बर्फात गाडला गेला, तर त्याच्या टिकटिकीवरून शोधतात. निघण्याआधी मी माझा बीपर ऐकण्यावर ठेवतो आणि सगळे एकेक करून माझ्यासमोरून जातात; ज्याचा चालू, त्याची टिकटिक माझ्या बीपरवर वाजते.

त्या दिवशी सगळे गेले. टिकटिक पोचणार नाही इतके लांब जाऊन उभे राहिले.

माझा बीपर वाजतच होता...

मी सगळ्यांना बीपर बंद करायला लावले.

टिक... टिक... टिक...

आवाज उताराच्या कडेला, बर्फाखालून येत होता.

कुणी हरवल्याची खबर नव्हती. तरी आम्ही जमीन लागेपर्यंत खणलं. खाली वाळलेलं गवत. बाजूला खणलं. पुन्हा गवत. बीपर सांगत होता, इथेच आहे. माझं डोकं उठलं.

खड्ड्यातले बर्फाचे थर फावड्याने ठोकून पाहिले. घट्ट होते, एकही सरकेना. नाही म्हणायला कारणच नव्हतं.

तरी मी नाही म्हणालो.

पाहुणे कुरकुरायला लागले. यावोर भडकला.

"दाजी, बर्फाला घाबरता ते समजतं. आता गवतालाही?"

"खाली काय वाजतंय ते कळेपर्यंत कुणी जायचं नाही."

"मग मी एकटा जाऊन येतो. तुम्ही बसा ऐकत."

त्याने बीपर चालू केला आणि निघालाच. मी घसा फोडून ओरडलो. माझ्या हातातल्या बीपरवर आता दोन टिकटिकी ऐकू येत होत्या, बर्फाखालची आणि त्याची.

तो मधोमध पोचला...

एकच उरली.

पलीकडून त्याने हात हलवला. परतही आला. बर्फाचा कण हलला नव्हता. पाहुणे मला हसले. मी चिडून फावडं उचललं.

खाली मुक्कामी पोचल्यावर मी सगळ्यांना बीपर चालू करून पुन्हा समोरून जायला लावलं. सगळ्यांचे बीपर वाजले.

यावोर समोर आला...

काहीच नाही.

त्याच्या बीपरचा दिवा लुकलुकत होता. बॅटरी बदलली. नवा बीपर आणला. तोच रालित्साने बांधला की वाजतो, यावोरने बांधला की गप्प. माझ्याच काय, कुणाच्याच यंत्राला तो सापडत नाही.

यावोर ठणठणीत आहे. सकाळी चीज भरलेली बनित्सा हाणतो, माझी टिंगल करतो आणि रोज डोंगरावर जातो. मी भांडलो, हातापाया पडलो.

"दाजी, तुमचं यंत्रच मला घाबरतं," म्हणतो.

परवा रात्रभर बर्फ पडला. सकाळी मी नाही म्हणालो, तरी तो गेला. संध्याकाळी परत येईपर्यंत मी दारात उभा होतो. हा गाडला गेला तर याला शोधायचं कसं, हे मला कुणीच सांगत नाही.