ओहोटीला भरलेला रकाना

सुजाण वाचकहो, प्रस्तुत लेखनात मी एक पूल, एक यंत्र व माझे अंतःकरण यांची हकिकत सादर करीत आहे. तीत संताप अधिक व शृंगार अल्प आहे. त्यास माझा इलाज नाही.

सन एकोणीसशे त्र्याण्णव. कल्याणच्या खाडीकाठचा, सातवी उत्तीर्ण असा मी पूल तपासणाऱ्या एका कार्यालयात होडीवाला होतो. त्या वर्षी तेथे कृत्रिम बुद्धीचा संगणक आला. थोर अभियंत्यांचे ज्ञान त्याच्या उदरात होते म्हणे. तपासणीची माहिती घेऊन कोणता पूल आधी दुरुस्त करावा, हे तो सांगे. आमच्या जुन्या पुलास त्याने 'दहा वर्षे चिंता नाही' असा निर्वाळा दिला. त्याच पुलावरून माझी आई नित्य म्हावऱ्याची, म्हणजे मासळीची, पाटी घेऊन जाई. तिसऱ्या खांबाखालची माती वाहून गेलेली मी डोळ्यांनी पाहिली होती.

मी तडक संगणकाच्या खोलीत शिरलो.

"अहो, चपला बाहेर," एक मंजुळ स्वर आला.

"मी घालतच नाही."

तिने माझे चिखलाचे पाय पाहिले... ओठ दाबून हसली. "मग पाय बाहेर ठेवा."

ती भागीरथी — डोंबिवलीची, संगणकात माहिती भरणारी.

"तुमचा हा शहाणा खोटं बोलतो," मी म्हणालो. "जुन्या पुलाखालची माती गेलीय, अन् माझी आई रोज त्यावरून जाते."

तिने तपासणीचा कागद काढला. 'पायाची स्थिती' हा रकाना कोरा होता. "कोरा असला की तो 'दोष नाही' धरतो."

"कोराच असणार. तपासणीला साहेब येतात अकराला, मग भरती का असेना. पाया पाण्याखाली, दिसणार काय? मी बोललेलो, ओहोटीला चला. तर म्हणाले, तू वल्हव, अक्कल शिकवू नकोस."

तिचे हास्य मावळले. "उद्या ओहोटी कधी?"

"दोनला. पोहता येतं?"

"तुम्हाला येतं ना — मग झालं."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या खांबाच्या पायाखाली माझा बांबू दोन हात आत गेला. वरून ट्रक गेला आणि तिने माझे मनगट घट्ट धरले... थरथर पुलाची की माझी, मला समजेना.

तिने रकाना भरला. संगणक उत्तरला : 'जड वाहने तत्काळ बंद करा.' कागदावर तपासणारा म्हणून माझे नाव छापले गेले, त्याखाली तिचे.

साहेब लालबुंद झाले. "होडीवाल्याचं नाव? हे मी पुढे पाठवणार नाही."

"मग तुमचं घालते, साहेब. पण गाड्या आजच थांबवा."

साहेबांनी सही केली. सायंकाळी ट्रक थांबले.

"माझं नाव देऊन टाकलंत?" मी तिच्यावर कडाडलो.

"दिलं. आई त्याच पुलावरून जाते ना तुमची?"

तिने पर्समधून एक घडी काढली — तो पहिला कागद, दोघांच्या नावांचा.

"हा का ठेवलात?" मी विचारले. "तुमच्या मनातला रकाना..."

"कोरा नाहीये," ती खाली पाहत म्हणाली. "ओहोटीला भरला."

तो कागद आज आमच्या घरी काचेत आहे. साहेबांचा सत्कार ज्या वर्तमानपत्रात छापून आला, त्यात आईने बोंबील बांधून विकले.

आपण वेळ खर्चून हे वाचलेत, त्याबद्दल ऋणी असलेला,
दामाजी धाकू कोळी, होडीवाला