देवचाराच्या वहाणा

तळ्यात मासे पोट वर करून तरंगत होते. मथुरेने ते पहाटे पाहिले. दुपारपर्यंत तिची एकुलती म्हैसही तोंडाला फेस येऊन काठावर आडवी झाली.

आणि चिखलात पावलं उमटली होती. दीड वीत लांब, जाड वहाणांची. देवचाराच्या घुमटीपासून निघून लव्हाळ्यातून थेट तळ्यापर्यंत.

१९६३चा भाद्रपद चालू होता. आचऱ्याजवळच्या लव्हेवाडीत भाताचे मळे वर, तळं खाली आणि मधे लव्हाळ्या-पाणकणसांनी माजलेली दलदल. ती देवचाराची, गावाच्या राखणदाराची. तो माडाहून उंच, असं म्हणतात. दरवर्षी त्याला नव्या वहाणा ठेवायच्या आणि दलदलीतली काडीही तोडायची नाही. विधवा मथुरेने गोठा शाकारायला कवळाभर लव्हाळा कापला होता. देवचार रागावून तळ्यावर चालून गेला, यात कुणाला शंका उरली नाही. सोमवारी देवळात कौल लावायचा, देवाने होकार दिला की मथुरेने घर सोडायचं, असं ठरलं.

रविवारी पाटलाच्या निरोपावरून कुडाळहून शेतकी खात्याचा सत्यवान परब आला. भुताखेतांवर विश्वास नाही असं तो सांगायचा, आणि लव्हाळा सळसळला की मागे वळून पाहायचा.

मथुरा रिकाम्या गोठ्यात बसली होती. गाठोडं बांधून तयार.

"लव्हाळा कुठून कापलात?"

"काठावरसून. आत पाय ठेवक नाय."

"मग एवढी भीती कसली?"

"माज्याच हातान घडला ह्या. म्हस गेली ती माज्या पापान. माका जावकच होया."

तिच्या पापाची गावापेक्षा जास्त तिलाच खात्री होती. सत्यवानाला ते ऐकवेना.

तो पावलांपाशी गेला. छत्रीच्या दांड्याने त्याने अंतर मोजलं. दोन पावलांमध्ये जेमतेम हातभर जागा. मागे वळून पाहत तो वर मळ्यांकडे चढला. सगळे मळे पाण्याने तुडुंब होते. एकट्या काशीरामच्या मळ्यात पाणी घोट्याएवढं.

काशीराम गावचा मानकरी. देवचाराला गाऱ्हाणं घालायचं ते त्याने, वहाणा ठेवायच्या त्याही त्यानेच. तो जरा लंगडत सामोरा आला. उभा जन्म अनवाणी गेलेला माणूस. आज उजव्या अंगठ्याला चिंधी होती. दगड लागला, म्हणाला.

"किडीवरचं एंड्रिन गेली दोन वर्षं फवारताय. तेव्हा मासे मेले होते?"

"नाय."

"यंदा औषध जास्त मारलंत?"

"तुमी सांगितलात तितक्याच."

सत्यवानाने त्याच्या मळ्याच्या खालच्या कोपऱ्यात एक नारळाचं सोडण पाण्यात सोडलं आणि तळ्यावर येऊन विडी पेटवली. विडी संपायच्या आत सोडण लव्हाळ्यातून बाहेर आलं. त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

सोमवारी देवळात सारा गाव जमला. देवाला पाकळ्या चिकटवल्या होत्या. उजवी पडली तर होकार. काशीरामने गाऱ्हाण्याला तोंड उघडलं, तोच सत्यवान उभा राहिला.

कौलाआधी माझं ऐका, म्हणाला. ती दलदल आपोआप झालेली नाही. तिच्याभोवती हाताने रचलेल्या चिऱ्यांचा बांध आहे. मळ्यांतलं पाणी लव्हाळ्यातून वळणं घेत, दोन दिवस रेंगाळत तळ्यात यावं, गाळ खाली बसावा, घाण मुळांनी धरून ठेवावी, म्हणून जुन्या माणसांनी ती बांधली. कुणी ती मोडू नये म्हणून देवचाराच्या हवाली केली. दोन वर्षं माझं औषध तिनेच अडवलं. यंदा कुणीतरी आतून चर खणून मळ्याचं पाणी सरळ तळ्यात सोडलं.

"माडाएवढ्या देवाची ढांग हातभर नसते. ती आखूड पावलं पायाला मोठ्या झालेल्या वहाणांची. त्या पावलांमागे कुणी आत जाणार नाही, हे चर खणणाऱ्याला ठाऊक होतं. गावात त्या वहाणांना हात लावायची हिंमत एकाचीच. आणि मळ्यातलं पाणी उतरलं तेही त्याच्याच. काशीरामभाऊ, अंगठ्याची चिंधी सोडा. दगडाने जखम होते. नवी वहाण चावली की फोड येतो."

काशीरामने चिंधी सोडली नाही. खाली बसला.

"भात कुसत होता माजा," तो म्हणाला. "पाणी उतरूचा, इतक्याच मनात होता. मेलेले मासे बघून माकाच वाटला, तो खराच रागावलो."

"आणि मथुरेक बाहेर काढूक निघालंस?" पाटलाने विचारलं. कुणीतरी देवावरच्या पाकळ्या उतरवल्या.

मथुरा खांबाला टेकून उभी होती. तिने सत्यवानाला हळूच विचारलं, "मगे माजी म्हस मारल्यान कोणी?"

आतापर्यंत कचेरीतली भाषा बोलणारा सत्यवान आपल्या बोलीवर आला.

"चर हेणी काढल्यान. विष माजा, मथुराबाय. मीच दिलंय, आणि खाली तळा आसा ह्याचो इचारच केलंय नाय."

मथुरेने पुढचंच विचारलं.

"उद्यापासून पाणी खंयचा भरू?"

या पावसाळ्यात तळ्याचं पाणी कुणी पिऊ नका, एवढंच त्याला सांगता आलं. मग तो चर बुजवायला फावडं घेऊन निघाला. मागून काशीराम लंगडत गेला. बाकीचा गाव काठावर थबकला. देवचाराच्या जागेत उतरायला कुणी धजेना. मथुरेने लव्हाळ्याला हात जोडले, लुगडं खोचलं आणि चिखलाची पाटी उचलायला ती खाली उतरली.